अनामत भरण्यापूर्वी : रुग्णालयाच्या खर्चाविषयी वाचकांचे प्रश्न

सार्वजनिक आरोग्यसेवेतील शुल्क आणि आर्थिक मदत यांविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे रुग्ण घरी परतल्यानंतर, म्हणजे बिल भरून झाल्यावर लिहिलेली आहेत आणि याच गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. महाराष्ट्रात मिळणारी जवळजवळ प्रत्येक मदत रुग्ण भरती असतानाच मिळते. ती रक्कम रुग्णाच्या हाती न येता थेट रुग्णालयाकडे जमा होते आणि एकदा डिस्चार्ज झाला की बहुतेक दारे बंद होतात. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करताना मी दागिने मोडून, शेत गहाण टाकून आलेली माणसे पाहिली आहेत. त्यांतल्या कित्येकांना तसे करण्याची गरजच नव्हती. म्हणून पुढील उत्तरांत कोणाला, कधी आणि काय विचारायचे यावर मी अधिक भर दिला आहे.

प्रश्न : सरकारी दवाखान्यांत सर्व उपचार मोफत झाल्याचे वाचले होते. तरीही मुंबईतील महापालिकेच्या रुग्णालयात वडिलांच्या एमआरआयचे पैसे भरावे लागले आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी कृत्रिम सांधा बाहेरून आणावा लागेल असे सांगण्यात आले. ही फसवणूक नाही का? (एक वाचक, मुंबई)

फसवणूक म्हणता येणार नाही. परंतु हा गोंधळ सार्वत्रिक आहे आणि तो दूर करण्याचा पुरेसा प्रयत्न कोणी केलेला नाही. आपण ज्यांना सरसकट 'सरकारी' म्हणतो, त्या रुग्णालयांचे मालक वेगवेगळे आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये, स्त्री रुग्णालये, जिल्हा रुग्णालये, तसेच नाशिक आणि अमरावती येथील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने घेतलेला निर्णय याच विभागापुरता होता आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून तेथे केसपेपरपासून शस्त्रक्रियेपर्यंत कोणतेही शुल्क घेतले जात नाही. मुंबईचे जे. जे. किंवा पुण्याचे ससून यांसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात, तर केईएम, नायर आणि शीव ही रुग्णालये मुंबई महापालिकेची आहेत. या दोन्ही ठिकाणी तो निर्णय लागू झालेला नाही. तेथील दर खासगी रुग्णालयांच्या मानाने अगदी कमी असले तरी ते आकारले जातात आणि एमआरआय, सीटी स्कॅन किंवा शस्त्रक्रियेत बसवायचे साहित्य यांचा खर्च आला की गरीब कुटुंबाचे कंबरडे मोडते.

कृत्रिम सांध्यासाठी मात्र खिशातून पैसे घालण्याची घाई करू नका. महापालिकेची आणि शासनाची मोठी रुग्णालये स्वतःच महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अंगीकृत आहेत, म्हणजे शिधापत्रिकाधारक कुटुंबांना विनामूल्य उपचार देणाऱ्या या राज्य योजनेची मान्यता त्यांना आहे. भरती झालेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत असेल, तर तिच्यासाठी लागणारे साहित्य पॅकेजमध्येच, म्हणजे त्या उपचारासाठी योजनेने ठरवून दिलेल्या रकमेतच येते. त्यासाठी वॉर्डातील डॉक्टरांनी पूर्वमंजुरीचा अर्ज पाठवावा लागतो आणि त्यात काही दिवस जातात. 'लवकर हवे असेल तर बाहेरून आणा' हा सल्ला बहुधा या विलंबामुळेच दिला जातो. शस्त्रक्रिया थांबू शकते का, हे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारा. थांबू शकत असेल तर मंजुरीची वाट पाहा. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी त्याच रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभागात जा. महापालिकेच्या रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी पुअर बॉक्स चॅरिटी फंड असतो. समाजसेवा अधिकारी कुटुंबाची परिस्थिती विचारून त्या निधीसाठी शिफारस करतात आणि बाहेरच्या धर्मादाय न्यासांना पत्रेही देतात. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासासह अनेक न्यास अशा पत्रांवर वैद्यकीय मदत देतात. हा विभाग बहुतेक रुग्णालयांत आहे. पण तो कोठे आहे हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

प्रश्न : माझ्या भावाला हृदयविकाराचा झटका आला. आमच्याकडे केशरी शिधापत्रिका आहे. आम्ही नेलेले खासगी रुग्णालय जनआरोग्य योजनेत होते. तरीही 'योजनेच्या खाटा शिल्लक नाहीत' असे सांगून त्यांनी ६० हजार रुपये अनामत घेतली. दुसऱ्या दिवशी आरोग्यमित्राने (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधीने) कागद घेतले आणि भावाला योजनेत दाखल केले. पण चांगला स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) हवा म्हणून आणखी पैसे घेतले. ही रक्कम परत मिळेल का? (एक वाचक, परभणी)

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण याच आशयाची पत्रे विदर्भातून आणि खानदेशातूनही आली आहेत.

प्रथम योजनेविषयी. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर पोहोचली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. दीर्घकाळ तिचे संरक्षण एका कुटुंबासाठी वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत होते आणि ती मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही मर्यादा केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेप्रमाणे पाच लाखांवर नेण्यात आली, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी ती साडेचार लाख ठरली, उपचारांची संख्या १,३५६ झाली आणि शुभ्र शिधापत्रिका असलेली कुटुंबेही योजनेत आली. म्हणजे आज महाराष्ट्रात शिधापत्रिका असलेल्या कोणत्याही कुटुंबाने 'आपण त्यात बसत नाही' असे गृहीत धरू नये.

आता आपल्या तक्रारीविषयी. ही योजना पूर्णपणे रोकडरहित आहे. खाट, परिचर्या, तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया, बसवायचे साहित्य, रुग्णाचे जेवण, घरी परतण्याचे प्रवासभाडे आणि डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा हे सर्व पॅकेजमध्ये येते. योजनेत दाखल झालेल्या रुग्णाकडून 'फरकाची रक्कम' घेण्याची मुभा अंगीकृत रुग्णालयाला नाही. तातडीच्या वेळी कागद हाताशी नसतील, तर आरोग्यमित्र किंवा रुग्णालय दूरध्वनीवरून तात्पुरती मान्यता घेऊन उपचार सुरू करू शकतात. कागद नंतर दिले तरी चालतात. त्यामुळे झटका आलेल्या माणसाला कागदांसाठी किंवा अनामतीसाठी ताटकळत ठेवण्याला कोणताही आधार नाही. स्टेंटच्या बाबतीत आणखी एक संरक्षण आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली होती आणि तिच्यात पुढे वेळोवेळी सुधारणा होत आली आहे. ही मर्यादा योजनेबाहेरच्या रुग्णालाही लागू आहे, म्हणून स्टेंटचे वेष्टन, त्यावरील स्टिकर आणि स्वतंत्र बिल मागून घ्यावे.

डिस्चार्जच्या वेळी रुग्णाकडून एका समाधानपत्रावर सही घेतात. उपचार विनामूल्य मिळाल्याची नोंद त्याच कागदावर होत असते आणि रुग्णालयाच्या दाव्यासोबत तो वर जातो. घरी जाण्याच्या घाईत नातेवाईक तो न वाचताच सही करतात. पैसे दिलेले असतील तर ती रक्कम त्याच कागदावर आपल्या अक्षरात लिहा आणि मगच सही करा. आपण तशी नोंद केली नसली तरी हातात पावत्या असतील, तर तक्रार उभी राहू शकते.

योजनेत दाखल असूनही घेतलेली रक्कम नियमबाह्य असल्याने ती परत मागता येते आणि चौकशीनंतर रुग्णालयांनी रक्कम परत केल्याची उदाहरणे आहेत. अनामतीची पावती, स्टेंटच्या पैशांची पावती, डिस्चार्ज कार्ड आणि शिधापत्रिकेची प्रत जोडून योजनेच्या जिल्हा समन्वयकांकडे लेखी तक्रार करा, तिची एक प्रत मुंबईतील राज्य आरोग्य हमी सोसायटीला पाठवा आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. पावती न देता पैसे घेतले असतील, तर तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचे पद लिहा. बँकेतून किंवा मोबाइलवरून रक्कम दिली असेल तर तो व्यवहारही पुरावा ठरतो. 'खाटा शिल्लक नाहीत' हे उत्तर मिळाले, तर तेथेच उभे राहून त्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. असा दूरध्वनी झाल्याबरोबर खाट उपलब्ध झाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न : आईच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेचे बिल पुण्यातील एका न्यासाच्या रुग्णालयात जवळजवळ चार लाख रुपये झाले. माझे आणि पतीचे मिळून वार्षिक उत्पन्न दोन लाख चाळीस हजार आहे. धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी खाटा असतात असे नंतर समजले. त्या कोणाला मिळतात? (एक वाचिका, पुणे जिल्हा)

सार्वजनिक न्यासांना शासनाकडून जमिनीत, करांत आणि इतर बाबतींत सवलती मिळतात; त्याच्या मोबदल्यात त्यांच्या रुग्णालयांवर कायद्याने ही जबाबदारी टाकली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. त्यानुसार प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकातील रुग्णांसाठी राखायच्या आहेत. इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते आणि या रुग्णांचा खर्च त्यातून भागवला जातो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन गटात येतो आणि त्याचे उपचार विनामूल्य होतात. उत्पन्न ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर तो दुर्बल घटकात मोडतो आणि त्याला सवलतीचे दर मिळतात. आईचे नाव आपल्याच शिधापत्रिकेवर असेल, तर आपले कुटुंब दुसऱ्या गटात बसते.

ही सवलत किती असते, याची कल्पना नसल्यामुळे लोक तिच्यासाठी आग्रह धरत नाहीत. समजा बिल ३ लाख ८० हजारांचे आहे. त्यात खाट, परिचर्या, निवासी डॉक्टरांची सेवा, जेवण, वीज, पाणी आणि नेहमीच्या तपासण्या यांचे ७० हजार, शस्त्रक्रियागृह आणि विशेष तपासण्यांचे दीड लाख, तर औषधे व साहित्याचे १ लाख ६० हजार आहेत. योजनेप्रमाणे पहिला भाग दुर्बल घटकातील रुग्णाच्या बिलात येताच कामा नये. दुसरा भाग रुग्णालयातील सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने लावायचा असतो. तो ९० हजार धरू. औषधे आणि साहित्य छापील किमतीने न लावता रुग्णालयाच्या खरेदी किमतीने लावायचे असते. ती किंमत एक लाख असेल, तर त्याच्या किमान निम्मी रक्कम रुग्णाने द्यायची आणि उरलेली निधीतून वळती करायची. म्हणजे ३ लाख ८० हजारांच्या जागी सुमारे १ लाख ४० हजार भरावे लागतील. निर्धन रुग्णाच्या बाबतीत औषधांचा हा खर्चही निधीतूनच होतो. एवढा फरक पडत असताना रुग्णाला हे भरतीच्या वेळी सांगितले जाऊ नये, ही मला अत्यंत अन्यायाची गोष्ट वाटते.

यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. दाखला चालू आर्थिक वर्षाचा असावा. मार्चमध्ये मिळालेला दाखला एप्रिलमध्ये भरती झालेल्या रुग्णासाठी नाकारला जातो आणि नवा मिळवण्यात पंधरवडा जाऊ शकतो. म्हणून घरात दीर्घ आजाराचा रुग्ण असेल, तर दरवर्षी एप्रिलमध्येच सेतू केंद्रातून दाखला काढून ठेवावा. तातडीच्या रुग्णाला मात्र कागदपत्रे किंवा अनामत न मागता दाखल करून घेणे आणि त्याचे प्राण वाचवण्यासाठी आवश्यक ते उपचार करणे धर्मादाय रुग्णालयावर बंधनकारक आहे. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत. त्यांतील राखीव खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर असते आणि रुग्णालयातही ती फलकावर लावणे अपेक्षित आहे.

आपले बिल भरून झाले आहे, तरीही बिलाची बाबवार प्रत, भरतीचे कागद आणि उत्पन्नाचा दाखला जोडून पुण्यातील धर्मादाय सह आयुक्तांकडे अर्ज करावा. भरतीच्या वेळी आपण सवलत मागितल्याचा लेखी पुरावा असेल तर अर्जाला वजन येते. तो नसेल, तर योजनेची माहिती देणारा फलक किंवा समाजसेवक तेथे नव्हता, हे स्पष्ट लिहावे. रक्कम परत मिळेल अशी खात्री मी देऊ शकत नाही, पण आपल्या अर्जामुळे रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या जातात आणि पुढच्या रुग्णाला त्याचा उपयोग होतो.

प्रश्न : पत्नीच्या कर्करोगाच्या उपचारासाठी कर्ज काढले आणि ती आता घरी आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून ते पैसे मिळतील का? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

झालेल्या खर्चाची भरपाई या निधीतून होत नाही. मात्र कर्करोगात उपचार टप्प्याटप्प्याने होतात. केमोथेरपीची आवर्तने किंवा रेडिएशन अजून बाकी असेल, तर त्या पुढच्या खर्चासाठी अर्ज करता येईल आणि तो आजच करावा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, आधार कार्ड, शिधापत्रिका, आजाराचे अहवाल आणि रुग्णालयाने दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक लागते; रुग्णालय खासगी असेल तर ते अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. रुग्णालयाची निधीकडे नोंदणी असणे आवश्यक आहे, कारण रक्कम त्याच्याच खात्यात जाते. अर्जासाठी मंत्रालयापर्यंत जाण्याचे कारण उरलेले नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातच या निधीचा कक्ष आहे. निधीतून संपूर्ण खर्च मिळत नसल्यामुळे, हा उपचार जनआरोग्य योजनेत बसतो का हे आधी तपासा आणि बसत असेल तर पहिला मार्ग तोच धरा. मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाण्याचा विचार असेल, तर नोंदणी करताना सर्वसाधारण गटातील फाइल मागा. लवकर तपासणी होईल या आशेने खासगी गटाची फाइल काढणारी कुटुंबे पुढे दरांचा फरक पाहून हवालदिल होतात.

प्रश्न : मुलीचे सिझेरियन तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात झाले. औषधांची चिठ्ठी बाहेरून आणायला दिली आणि घरी सोडताना गाडीचे भाडे आम्हीच दिले. हे योग्य आहे का? (एक वाचिका, रत्नागिरी जिल्हा)

योग्य नाही. १ जून २०११ पासून देशभर लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय संस्थेतील प्रसूती, सिझेरियनसह, पूर्णपणे विनामूल्य आहे. औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त, साध्या प्रसूतीत तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस जेवण, घरापासून रुग्णालयापर्यंत, तेथून वरच्या रुग्णालयात आणि परत घरी पोहोचवण्याची गाडी हे सर्व त्यात येते. यात उत्पन्नाची किंवा शिधापत्रिकेच्या रंगाची अट नाही. आजारी बाळाचे उपचारही त्याच्या पहिल्या वर्षात याच कार्यक्रमातून होतात, हे लक्षात ठेवा. घरी परतण्यासाठी १०२ क्रमांकावरून गाडी मागवायची असते. १०८ ची रुग्णवाहिका तातडीच्या रुग्णांसाठी आहे आणि तीही विनामूल्य आहे. औषधांच्या पावत्यांसह वैद्यकीय अधीक्षकांकडे अर्ज द्या. तेथे दाद लागली नाही, तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जा किंवा १०४ वर तक्रार नोंदवा.

प्रश्न : मी ७६ वर्षांचा आहे. मुलाच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये माझे नाव असल्याने आयुष्मान कार्ड मिळणार नाही, असे एका केंद्रावर सांगितले. (एक वाचक, नागपूर)

आपल्याला चुकीची माहिती मिळाली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि त्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण असते. खासगी विमा किंवा कर्मचारी राज्य विमा योजना असली तरी ते घेता येते. केंद्र सरकारची आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना असलेल्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावी लागते. आधार कार्ड पुरते. अडचण आल्यास १४५५५ वर विचारा.

प्रश्न : क्षयरोगाचे उपचार खासगी डॉक्टरांकडे सुरू आहेत. पोषणासाठी मिळणारे पैसे सरकारी दवाखान्यातील रुग्णांनाच मिळतात का? (एक वाचक, नंदुरबार जिल्हा)

नाही, ते आपल्यालाही मिळतात. निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपयांनी सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे. आपल्या डॉक्टरांनी निक्षय या क्षयरुग्णांच्या शासकीय ऑनलाइन नोंदणी प्रणालीत आपली नोंद केली पाहिजे. ती कायद्यानेही त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यांच्याकडून आपला निक्षय क्रमांक लिहून घ्या आणि आधार व बँकेच्या पासबुकाची प्रत घेऊन तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकांना भेटा. खाते आधारशी जोडलेले नसेल तर रक्कम मंजूर होऊनही अडकते, म्हणून ते काम त्याच आठवड्यात बँकेत जाऊन करून घ्या. औषधांवर खर्च होत असेल तर तेही पर्यवेक्षकांना सांगा; क्षयरोगाची औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात आणि ती घेण्यासाठी आपले डॉक्टर बदलण्याची आवश्यकता नाही.